खोलातून आलेली शिटी

होडीवरचं यंत्र अभयारण्यातल्या डॉल्फिनच्या शिट्यांमधली नावं सांगत होतं. म्हातारी, धाकटी, शेपूटतुटका. मग ते म्हणालं, "प्रल्हाद."

नावं टिपून घेणाऱ्या शाल्मलीचा हात थबकला. प्रल्हाद तिचा नवरा. याच कळपाचा अभ्यास करताना तो बुडाला आणि सापडलाच नाही. तो ज्या शिटीने डॉल्फिनना बोलवायचा, तीच त्यांच्यात त्याचं नाव झाली होती.

"आठवण काढतत, बाय," होडी हाकणारा रुजाय हळूच म्हणाला.

"नाही, काका. जवळ असेल त्यालाच ते हाक मारतात."

कळप गप्प झाला. खोलातून तीच शिटी उत्तरादाखल आली.

रुजायने छातीवर क्रूस काढून इंजिन सुरू करायला हात घातला. शाल्मलीने तो धरला, पाण्यावर ओणवी झाली आणि कोरड्या ओठांनी तीच शिटी वाजवू लागली.