यादी आली, आवाज नाही

दुपारी चार वाजता अकोल्यात संध्याच्या रेकॉर्डरने सातव्यांदा फाइल नाकारली. अमरावतीत तिच्या आईच्या गळ्यावर उद्या शस्त्रक्रिया होती. नंतर गाता येईलच, असं डॉक्टर सांगत नव्हते. म्हणून तिकडे भावाने, धम्मदीपने, कालच घरच्या मशीनवर आईचं भीमगीत रेकॉर्ड करून फाइल संध्याला पाठवली होती. संध्या फोनवर कडाडली, "अबे, ही नुसती यादी हाय, आवाजच नाही याच्यात. पत्रिका धाडली अन् नवरी घरी! माह्या मशीनले आवाजाच्या वेव्ह फायली लागतेत. पाठव!" "त्या मिटवल्या, ताई. तुले फाइल गेली, म्हून जागा मोकळी केली." "काहून? इचारायचं तरी!" पलीकडे आईने फोन हिसकावला. बोलायलाही डॉक्टरांची मनाई होती. "भांडू नका. तुह्यावाल्या मशीनचं बटन दाब." संध्याने फोन रेकॉर्डरसमोर धरला. लाल दिवा लागला, तशी आई गाऊ लागली. पहिलं कडवं नीट आलं. दुसऱ्या कडव्याआधी आई दम घ्यायला थांबली; संध्याने बटन बंद केलं नाही.