बाहेरची भिंत

पार्सिपनीत घर घेतलं त्या हिवाळ्यात एका दुपारी अवधूत माडीवरच्या खोलीत शेल्फ बसवत होता. तो जपून काम करणारा माणूस. डोळ्यांना गॉगल लावल्याशिवाय ड्रिलला हात लावायचा नाही आणि टोकाचं बिट बदलायचं तर आधी ड्रिलचा प्लग काढायचा.

दोन भोकं पाडून झाल्यावर त्याने प्लग काढला आणि लहान बिट शोधायला डबा उघडला.

“अवधूत, पाच मिनिटं थांब ना!” खालून हिमानी ओरडली. “आईंचा फोन आहे, काही ऐकू येत नाहीये.”

“थांबलोच आहे मी,” तो म्हणाला, आणि मग त्यालाही ऐकू आलं.

आवाज भिंतीतून येत होता. शेजाऱ्यांचा म्हणावा, तर त्यांचं घर दुसऱ्या बाजूला. ही भिंत बाहेरची होती. त्याने खिडकीतून वाकून पाहिलं. शिडी नव्हती, माणूस नव्हता. खाली बर्फावर एक पाऊलही उमटलेलं नव्हतं.

त्याने भिंतीवर तळहात टेकवला. भिंत थरथरत होती, आणि हाताखालची एक जागा गरम होत चालली होती.

“अरे, बास की आता!” हिमानी वैतागली.

त्याने झटकन हात काढला. तिथला रंग फुगला, तडकला, चिमूटभर पांढरी भुकटी खाली सांडली, आणि फिरतं टोक आत आलं.