लाल रेषेखाली

मुलगा जहाजे ओढणाऱ्या ज्या टगबोटीवर खलाशी होता, ती बुडून तीन वर्षे झाली होती. तो सापडला नव्हता. निवृत्त फिटर असलेल्या त्याच्या बापाने त्याच बोटीची हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी प्रतिकृती केली. ती एकदा तरी काठाला लागलेली त्याला पाहायची होती.

रविवारी सकाळी त्याने ती बाथटबमध्ये सोडली.

"मग आंघोळ काय मी गॅलरीत करू?" बायको दारातूनच म्हणाली.

अशी पोकळ बोट बुचासारखी वर तरंगते. पोटात शिशाचे तुकडे ठेवून तिला बाजूवर रंगवलेल्या लाल रेषेपर्यंत पाण्यात बसवावे लागते. त्याने शिसे ग्रॅमपर्यंत तोलले होते. तरी रेषा पाण्याखाली गेली.

"चुकलात कुठेतरी."

"चाळीस वर्षांत चुकलो नाही, बाई."

त्याने एकेक तुकडा काढला. शेवटचा काढला, तरी बोट तेवढीच खोल राहिली. आत पाणी शिरले नव्हते. लाकूड कोरडे ठणठणीत होते. फक्त मागची बाजू किंचित दबली होती.

"दोर सांभाळायला तो तिथेच उभा राहायचा ना?" बायकोने हळूच विचारले.

त्याने मान डोलावली.

ती आत येऊन टबच्या कडेला बसली. "अहो, तिला हात लावू नका."

रिमोट बंद होता. पाणी निश्चल होते.

बोटीची मागची बाजू सावकाश वर आली, आणि धक्क्यावर आपले माणूस दिसताच कुणी धावत यावे, तसा आईच्या बाजूचा कठडा पाण्याकडे झुकला.