सलूनवाल्या काकांचा खांदा

शेवटची सुई काकांच्या खांद्यात बसली, तरी वाक्य काही तिच्या तोंडातून बाहेर पडेना. नणंदेनं ते तिच्याकडून चांगलं घोटून घेतलं होतं. 'तुम्हाला गुण आला असेल तर ओळखीत आणखी कुणाला सांगाल का?' बस्स, एवढंच. आरशासमोर दहादा म्हणून झालं होतं. आरशाला म्हणायला काय जातंय!

समोर पालथे पडले होते सलूनवाले काका. खांद्यात, मानेत, कोपराजवळ मिळून चौदा सुया. जन्मभर हात वर धरून लोकांची डोकी भादरली, त्यात उजवा खांदा पार आखडून गेला होता. पहिल्यांदा आले तेव्हा स्वतःच्या शर्टाची बटणं लावता येत नव्हती त्यांना. आता हात सरळ डोक्यावर जायचा. निदान तिला तरी तसं वाटायचं.

वाटायचं म्हणायचं, कारण खात्री कुठून येणार? अ‍ॅक्युपंक्चरचा दवाखाना उघडून वर्ष होत आलं, तरी आठवड्याला सहा पेशंट, त्यातले चार तेच ते. शुक्रवारी घरमालकाला सांगायचं होतं, खोली ठेवायची की सोडायची. सोडली तर मोठ्या दिरांनी त्यांच्या ऑफिसात तिच्यासाठी टेबल बघून ठेवलंच होतं. फायली, शिक्के आणि साडेपाचला घरी. त्या टेबलाचा विषय निघाला की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

त्यातून जास्त खुपत होते ते हे काकाच. काका म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणी भावाशी अबोला धरला, सगळं त्यांच्या खुर्चीवरून गल्लीभर पोचायचं. रोज वीसेक माणसं त्यांच्या कात्रीखालून जायची. ते येऊ लागून आठ महिने झाले, तरी त्यातलं एकही इकडे फिरकलं नव्हतं. एवढा बोलका माणूस आपल्याबद्दल चकार शब्द काढत नाही, याचा अर्थ काय घ्यायचा? गुण नाही, हाच. बिचारे भिडेखातर येत असतील.

"काका," ती म्हणाली. आवाज भलताच बारीक निघाला. "तुम्हाला गुण आला असेल तर... म्हणजे आला असेल तरच हं... ओळखीत कुणाला सांगाल का?"

काका गप्प. गप्प बसलेले काका तिनं आजवर पाहिले नव्हते. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की आपण काय करून बसलो. चौदा सुया टोचलेला माणूस. त्याला ना उठता येत, ना मान वळवता येत, ना काहीतरी काम आठवलं म्हणून सटकता येत. असं अडकवून ठेवून कुणी कुणाला गळ घालतं का? दारोदार फिरणारे विक्रेते बरे, त्यांच्या तोंडावर दार तरी लावता येतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"राहू दे, काका. मी काही बोललेच नाही असं समजा. आधी सुया काढते."

सुया निघाल्या. काका उठून बसले, शर्ट चढवला, भराभर बटणं लावली आणि चपला पायात सरकवल्या. चला, हाही पेशंट गेला. आता शुक्रवारची वाट बघायचं तरी काय कारण, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं.

"ताई," काका अखेर म्हणाले, ते पायातल्या चपलांकडे बघत. "गुण आला म्हणूनच कुणाला सांगितलं नाही."

तिनं सुयांचा ट्रे बाजूला ठेवला. "म्हणजे?"

"माझ्याच दुकानाचं बघा. पूर्वी जुनी गिऱ्हाइकं केव्हाही येऊन बसायची. मग नाव झालं, रांगा लागल्या. आता तीच माणसं काचेतून डोकावतात आणि परत जातात. म्हटलं, इथं तसं झालं तर माझा खांदा कोण बघणार? लोक विचारतात, हात कसा सुटला. मी सांगतो, आपोआप. आणि मी एकटाच नाही हो. तुमच्याकडे येतात त्या लायब्ररीतल्या बाईंनीच मला तुमचा पत्ता दिला, तो आधी शपथ घालून. पुढे कुणाला सांगायचं नाही म्हणून."

ती स्टुलावर टेकली. आठ महिने ती स्वतःच्या हातांवर संशय घेत होती, आणि ही मंडळी तिला खिशात लपवून हिंडत होती! रडावं की हसावं ते कळेना. हसूच आलं, आणि आलं ते आवरेना.

"शुक्रवारी खोली सोडणार होते मी, काका. पेशंट नाहीत म्हणून."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "मग माझा खांदा?"

"तेच तर म्हणतेय."

काकांनी खुर्ची ओढली आणि तिच्या टेबलाशी ठाण मांडलं. "वही काढा. मंगळवार, दुपारी तीन. वर्षभराचे सगळे मंगळवार माझ्या नावावर घाला. पेन्सिल नको, पेन घ्या."

तिनं लिहायला घेतलं. काका वाकून बघत होते. मधला एक मंगळवार सुटला, तो त्यांनी बोट ठेवून दाखवला. वर्षातला शेवटचा लिहून झाला तेव्हा कुठे त्यांनी खिशातून फोन काढला.

"नमस्कार, वकीलसाहेब. त्या दिवशी खांद्याचं विचारत होतात ना, तेव्हा मी जरा खोटं बोललो होतो."