पंचविसावं नाव

तुळजारामनं नववीतल्या लेकीचं, प्रतीक्षाचं लग्न ठरवलं आणि पत्रिकेचा मजकूर लिहायलाही तिलाच बसवलं, कारण घरात अक्षर तेवढं तिचंच चांगलं होतं.

"अप्पा, मला दहावी करायची हाय."

"आधी पत्रिका कर. 'प्रमुख उपस्थिती'त मोठमोठी नावं टाक. सोयऱ्याच्या पत्रिकेत वीस हायत, आपल्यात पंचवीस पायजेत."

आमदारापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळे घेतले, तरी चोवीसच भरले.

"बिदरच्या एक मॅडम हायत," प्रतीक्षा म्हणाली. "आमच्या शाळेत भाषणाला आल्या होत्या. सरकारी गाडी हाय त्यांना. टाकू?"

"इचारायलीस कामून? टाक की! आन् पत्रिका बी तूच नेऊन दे."

पत्रिका छापून आल्यावर तुळजारामनं बोट ठेवून नावं मोजली. पंचवीस भरली. वाचत बसायला त्याला वेळ नव्हता.



मुहूर्ताच्या तासभर आधी त्या मॅडम, म्हणजे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, पोलिसांची जीप घेऊन मांडवात हजर झाल्या, आणि जीपमध्ये बसण्याआधी तुळजारामनं शाल-नारळ देऊन त्यांचा सत्कार केला. पंचविसांतलं एवढं एकच नाव खरोखर आलं होतं.