डावा तळहात

अप्पांनी आंबिलीचा एक घोट घेतला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. शशिधर वाटी धरून तसाच बसला. झटका येऊन आज दोन महिने झाले होते.

त्याचे वडील गुरुसिद्धअप्पा शाहूपुरीतले गुळाचे अडते. लिलावात सौद्याला उभे राहिले की आवाज पलीकडच्या गल्लीत जायचा. पक्षाघातानं डावी बाजू लुळी पडली. वाचा शाबूत होती, पण बोलणं आटलं. अन्न नको, झोप नको, पोट दगडासारखं घट्ट आणि डोळे सारखे भरलेले.

डॉक्टर म्हणाले होते, "झटका मेंदूला बसला, पण रुसलंय पोटही. पोट रुसलं की मन आणखी खचतं. दोन्ही एकाच दोरीला बांधलेली आहेत. कुठलं तरी एक टोक सोडवा."

शशिधरनं पोटाचं टोक धरलं. इसबगोल झालं, पेज झाली, ताक झालं. देवाधर्मातही त्यानं कसूर केली नाही. ज्यानं त्यानं आपल्या गळ्यातलं इष्टलिंग आपल्या डाव्या तळहातावर घेऊन पुजायचं आणि मगच अन्नाला शिवायचं, हा त्यांचा पिढीजात नेम. अप्पांचा हात चालेना, म्हणून तो रोज त्यांचं लिंग स्वतःच्या हातावर घ्यायचा, दहा मिनिटांत उरकायचा आणि म्हणायचा, "पूजा झाली अप्पा. जेवा आता."

त्याची आई मल्लव्वा उभ्या जन्मात कुणाच्या मधे पडली नव्हती. आंबील परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लेकाच्या हातातून लिंग काढून घेतलं. नवऱ्याला टेकवून बसवलं, त्याचा लुळा हात उघडला आणि लिंग त्यावर ठेवलं. बोटं मिटेनात.

"पडंल," अप्पा म्हणाले. आठवड्यातला हा पहिला शब्द.

"कसं पडंल? खाली माझा हात हाय की."

उजव्या हातानं अप्पांनी विभूती लावली, बेल वाहिला. पाणी निम्मं अंथरुणावर सांडलं. तासभर मल्लव्वा त्यांच्या तळहाताखाली आपला तळहात धरून बसली. तिचा हात एकदाही हलला नाही. शाळेची पायरी न चढलेल्या आईकडं शशिधर दुकान विसरून बघत राहिला.

मग अप्पांनी स्वतःच वाटी ओढली. आंबील संपली. आणखी मागितली.

"मग इतकं दिवस का जेवला न्हाईसा, अप्पा?" शशिधरनं विचारलं.

अप्पांनी तोंड पुसलं. "पूजा तू करायचास शशी, आन घास मला द्यायचास."