डेअरीपर्यंत

शेडगे वायरमन सव्वीस वर्षं विजेच्या खांबांवर चढले. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या आतल्या कानाला जंतुसंसर्ग झाला, आणि आता सपाट रस्त्यावरही त्यांचा तोल जाऊ लागला. डॉक्टर म्हणाले होते, “घरात बसून राहू नका. चालाल तसा तोल सुधारेल.” पण पडण्याच्या भीतीने ते उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नव्हते.

आज मात्र बायकोशी भांडून ते एकटेच दूध आणायला निघाले. निम्म्या वाटेवर मागून हॉर्न वाजला. त्यांनी मान वळवली, तसा सगळा रस्ता गरगरला. त्यांनी शाळेच्या कुंपणाची जाळी घट्ट धरली.

शेजारून जाणारी बाई पदर सावरत दूर झाली. “सकाळी सकाळीच घेतलीय,” ती सोबतिणीला म्हणाली.

जन्मात दारूला न शिवलेल्या शेडग्यांच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. घरी जावं आणि कायमचं दार लावून घ्यावं, असं त्यांना वाटलं. पण मागे वळायचं तरी पुन्हा मान फिरवावी लागणार होती.

“बाई, प्यायलेलो नाही मी. कानाच्या दुखण्याने चक्कर येते,” ते म्हणाले. “डेअरीपर्यंत सोबत चला. धरू नका, नुसतं बाजूने चाला.”

बाई ओशाळली. सोबतिणीला पुढे पाठवून ती त्यांच्या चालीने चालू लागली. डेअरीच्या पायरीशी पोचल्यावर तिने हळूच विचारलं, “आणि परत कसं जाल?”

“कसं म्हणजे? चालतच,” शेडगे चिडून म्हणाले, आणि एक हात खांबाला टेकून त्यांनी अर्धा लिटर दूध मागितलं.